बेसबॉलचा टोला दंडातून नव्हे, तळपायातून निघतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शालेय क्रीडा पानावर पंधरा दिवसांपूर्वी बेसबॉलच्या फलंदाजीविषयी मार्गदर्शन करणारा एक मजकूर प्रसिद्ध झाला. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला अर्धे पान मिळाले याच आनंदात मी तो कापून ठेवला होता. परंतु दुसऱ्यांदा सावकाश वाचल्यावर त्यातील तीन सल्ल्यांनी मी अस्वस्थ झालो. दंड आणि मनगटे कमवा, नेहमीपेक्षा जड बॅटने सराव करा आणि चेंडूवर कुऱ्हाड घातल्यासारखा वरून खाली फटका हाणा, असे ते तीन सल्ले होते. पुढच्याच रविवारी माझ्याकडे शिकणारा आठवीतला एक मुलगा बॅटच्या टोकाला वाळू भरलेली सायकलची ट्यूब सुतळीने आवळून मैदानावर हजर झाला आणि "सर, पेपरात आलंय" असे त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितले. त्या मुलाशी वाद घालण्यापेक्षा आपल्याला पत्र लिहिणे मला अधिक योग्य वाटले.

मी परळच्या एका शाळेत २७ वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि निवृत्तीनंतर दादरच्या परिसरातील मुलामुलींना सॉफ्टबॉल व बेसबॉल शिकवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेटला स्थान मिळाले, हे आपल्या सर्व वाचकांना ठाऊक आहे. त्याच बैठकीत, त्याच निर्णयाने, पॅरिसमध्ये वगळलेले बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही परत आले. ती बातमी मात्र क्रिकेटच्या मथळ्याखाली झाकली गेली. तेव्हापासून या खेळाची चौकशी करणारे पालक वाढले आहेत आणि म्हणूनच पहिल्या महिन्यात मुलांच्या अंगात काय मुरते याला महत्त्व आले आहे. चुकीचा स्विंग, म्हणजे बॅट फिरवण्याची चुकीची तऱ्हा, अंगवळणी पडायला चार आठवडे पुरतात आणि तो घालवायला चार वर्षे पुरत नाहीत.

मुळात फलंदाजाच्या हाती वेळ किती असतो, हे आधी पाहिले पाहिजे. पिचर ज्या पट्टीवर पाय ठेवून चेंडू टाकतो ती, फलंदाज ज्या पाटीपाशी उभा राहतो त्या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर असते. तो पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर ५५ फुटांच्या आसपास उरते. ताशी ९० मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. त्यातील ०.१५ सेकंद तर बॅट फिरायलाच लागतात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, तो कुठे येणार याचा अंदाज बांधायचा आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचे. आपल्याकडचा वेगवान गोलंदाजही फार जास्त वेळ देत नाही, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे; पण क्रिकेटची बॅट सपाट असते आणि सव्वाचार इंचांपर्यंत रुंद असू शकते. बेसबॉलची बॅट गोल, जाडीला जास्तीत जास्त २.६१ इंच, आणि समोरचा चेंडू जेमतेम तीन इंच व्यासाचा. दोन गोल वस्तूंची ही गाठ असते, त्यामुळे सेंटिमीटरभर वर लागले तर चेंडू जमिनीत जातो आणि सेंटिमीटरभर खाली लागले तर तो उंच उडून कुणाच्या तरी हातात विसावतो. शिवाय ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू दिवसभर सोडत बसण्याची चैन इथे नाही, मारण्याजोगे तीन चेंडू हुकले किंवा सोडले, म्हणजे तीन स्ट्राइक झाल्या, की घरी. एवढ्याशा अवधीत केवळ दंडाच्या बळावर बॅटला वेग देता येत नाही, कारण दंडाचे स्नायू त्या मानाने लहान असतात. शरीरातील मोठे स्नायू मांड्यांत, नितंबांत आणि पाठीत आहेत, आणि स्विंगची सारी कला त्यांचा जोर योग्य क्रमाने बॅटपर्यंत पोहोचवण्यात आहे.

हा क्रम पाहायचा असेल तर अमेरिकेला जावे लागत नाही. किनाऱ्यालगत गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग फेकणारा कोळी पाहावा. जाळे हातात असते, पण हात सर्वांत शेवटी सुटतात. आधी पाय रोवले जातात, मग कंबर फिरते, मग खांदे, आणि जाळे त्यांच्या मागून भोवऱ्यासारखे उलगडत जाते. नुसत्या हातांनी फेकलेली पाग पोत्यासारखी धपकन पाण्यात पडते.

बेसबॉलमध्ये उजव्या हाताने खेळणारा फलंदाज घेऊ. पिचरने हात मागे नेला की हा आपले वजन किंचित उजव्या पायावर घेतो, डावा पाय उचलतो आणि वीतभर पुढे अलगद टेकवतो. पाय पुढे जात असताना हात पुढे येत नाहीत, उलट थोडे मागेच राहतात. डावी टाच जमिनीत दाबली गेली की स्विंग खऱ्या अर्थाने सुरू होतो. कंबर पिचरकडे वळू लागते, खांदे मात्र क्षणभर जागच्या जागी थांबतात, आणि त्या क्षणभरात पोटावर व बरगड्यांवर जो पीळ भरतो तोच पुढे उलगडतो. याच वेळी किंचित वाकलेला डावा गुडघा सरळ होऊन खुंटासारखा ताठ उभा राहतो. या ताठ पायाचे काम काय, हे मुंबईकराला समजावणे अगदी सोपे आहे. लोकलने कचकन ब्रेक लावला की पाय डब्याबरोबर थांबतात आणि माणूस कमरेपासून वर पुढे फेकला जातो. तसेच इथे पुढचा पाय शरीराला ब्रेक लावतो. कंबर अडते तेव्हा तिचा वेग धडाला मिळतो, धड मंदावते तेव्हा तो हातांना मिळतो आणि हात मंदावतात तेव्हा बॅटला. मागचा थांबतो म्हणून पुढचा पळतो. मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या मैदानांवर आता कॅमेऱ्यांनी बॅटचा वेग मोजला जातो आणि तेथील सरासरी ताशी ७० मैलांच्या थोडी वर भरते. कोणत्याही माणसाचा दंड एकटा एवढा वेग निर्माण करू शकत नाही.

हे सारे सांगायला सोपे असले तरी मुलाच्या अंगात उतरवणे कठीण असते. गेल्या वर्षी माझ्याकडे नववीतली एक मुलगी आली, चार वर्षे क्रिकेटच्या नेटमध्ये घालवलेली. डावे कोपर उंच, डोके स्थिर, नजर चेंडूवर, सगळे जिथल्या तिथे. परंतु बॅट फिरवताना तिची कंबर आणि खांदे एकाच वेळी वळत, बिजागरीवर दार उघडावे तसे. टीवर, म्हणजे सरावाच्या उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडूसुद्धा वीस-पंचवीस पावलांवर जाऊन थांबे. अखेर मी तिच्या मागे उभा राहिलो, तिच्या बॅटचे टोक मुठीत घट्ट धरले आणि म्हटले, "आता हात हलवायचे नाहीत, फक्त नाभी पिचरकडे वळव." तिने कंबर वळवली, बॅट मी सोडली नाही. ती तशीच थांबून म्हणाली, "सर, शर्ट पिळल्यासारखं वाटतंय." मी म्हटले, "तो पीळ लक्षात ठेव, बाकी सगळं विसर." पुढचे तीन रविवार आम्ही दुसरे काही केले नाही. चौथ्या रविवारी टीवरच्या चेंडूचा आवाज बदलला. आधी जो 'थप्' असा ओला आवाज यायचा त्याजागी 'टण्' असा कोरडा आवाज आला आणि पलीकडच्या विकेटवर क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलांनी वळून पाहिले. मधल्या काळात तिचे दंड मुळीच वाढले नव्हते.

माझी स्वतःची एक चूकही इथे कबूल केली पाहिजे. मागच्या पायाने सिगारेट विझवल्यासारखी टाच फिरवायची, असे मी कित्येक वर्षे शिकवत आलो, कारण मलाही तसेच शिकवले गेले होते. मुले आज्ञाधारकपणे मागचा पाय जागच्या जागी घुसळत आणि त्यांचे सारे वजन मागेच अडकून पडे. पुढे चांगल्या फलंदाजांच्या चित्रफिती संथ गतीने पाहायला मिळाल्या तेव्हा लक्षात आले की चेंडू लागतो त्या क्षणी अनेकांचा मागचा पाय जेमतेम अंगठ्यावर टेकलेला असतो, काहींचा तर जमिनीपासून सुटलेलाही असतो. पाय फिरवल्याने कंबर फिरत नाही. कंबर फिरते आणि पायाला ओढून नेते. कारणाच्या जागी परिणाम शिकवत राहिल्याने काही मुलांची दोन-दोन वर्षे वाया गेली, याची खंत आजही वाटते. आपल्या मजकुराच्या लेखकाला मी दोष देतो आहे तो स्वतःला वगळून नव्हे.

आता कुऱ्हाडीविषयी, कारण तीन सल्ल्यांत सर्वाधिक घातक हाच आहे. पिचर १० इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू सोडतो, आणि गुरुत्वाकर्षण आपले काम करतच असते. त्यामुळे वेगवान चेंडूसुद्धा होम प्लेटवर येताना साधारण ५ ते ६ अंशांनी खाली उतरत असतो. वळणारा संथ चेंडू याहून अधिक तिरका उतरतो. अशा उतरत्या चेंडूवर बॅटही वरून खाली आणली तर दोघांचे मार्ग कात्रीच्या पात्यांसारखे एकाच बिंदूत छेदतात आणि वेळेत तसूभर चूक झाली तरी टोला हुकतो. उलट बॅट शेवटच्या टप्प्यात तेवढ्याच अंशांनी किंचित वर चढत असेल तर ती चेंडूच्या मार्गावर बराच वेळ राहते. जरा लवकर झाले तरी चेंडू लागतो, जरा उशीर झाला तरी लागतो. बॉस्टनच्या संघाचे फलंदाज टेड विल्यम्स यांनी १९४१ च्या मोसमात .४०६ ची सरासरी राखली, म्हणजे दर हजार संधींमागे ४०६ यशस्वी टोले; त्यानंतर मेजर लीगच्या आजच्या दोन्ही भागांत, अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये, मोसमभर खेळणाऱ्या कोणालाही .४०० चा टप्पा गाठता आलेला नाही. ते आयुष्यभर हेच सांगत राहिले की चेंडू खाली येतो म्हणून बॅट किंचित वर गेली पाहिजे.

इथे क्रिकेटचे प्रशिक्षक मान हलवतील आणि म्हणतील की आडव्या बॅटने मारणे म्हणजे मुंबईच्या फलंदाजीच्या परंपरेला तिलांजली. मला तसे वाटत नाही. सरळ बॅट का, असे शिवाजी पार्कवरच्या कोणत्याही जुन्या गुरुजींना विचारावे. चेंडू ज्या रेषेतून येतो त्याच रेषेत बॅट जास्तीत जास्त वेळ राहावी म्हणून, हेच उत्तर मिळेल. क्रिकेटचा चेंडू टप्पा घेऊन उसळतो, त्याची उंची शेवटपर्यंत अनिश्चित असते, म्हणून तिथे बॅट उभी ठेवणे शहाणपणाचे ठरते. बेसबॉलचा चेंडू टप्पा घेत नाही, म्हणून तिथे बॅट आडवी होते, पण तत्त्व तेच राहते, ते म्हणजे चेंडूच्या रेषेत बॅट असावी, रेषेला छेदून नव्हे. कुऱ्हाडीचा फटका या तत्त्वाशी जितकी प्रतारणा करतो तितकी किंचित चढती बॅट करत नाही. खरे म्हणजे कॉपीबुक शिकलेल्या मुलाला हे एकदा उमगले की तो झपाट्याने शिकतो, असा माझा अनुभव आहे.

मग 'खाली मारा' हा सल्ला आला कुठून? तो देणारे लोक खोटे बोलत नव्हते. बॅट खांद्यापाशी सुरू होते आणि चेंडू कमरेच्या आसपास असतो, म्हणजे पहिल्या टप्प्यात ती खाली येणारच. फलंदाजाला अंगातून तेवढाच भाग जाणवतो, आणि मोठमोठे खेळाडूही आपण वरून खाली मारतो असे मनापासून सांगत असत. वेगवान कॅमेऱ्याने मात्र दाखवले की चेंडूपाशी पोहोचेपर्यंत त्यांचीच बॅट वर वळलेली असे.

जड बॅटविषयी थोडा हिशेब मांडतो. भौतिकशास्त्रज्ञांच्या मोजमापानुसार बॅटचा वेग ताशी १ मैलाने वाढला तर टोल्यानंतरच्या चेंडूचा वेग सुमारे १.२ मैलांनी वाढतो. पिचरच्या चेंडूचा वेग १ मैलाने वाढला तर त्यातून पदरात पडतात जेमतेम ०.२ मैल. म्हणजे सारे फलित बॅटच्या वेगात आहे. जुन्या काळचे विख्यात फलंदाज बेब रूथ ४० औंसांहून जड बॅट वापरत, हे खरे. परंतु त्यांच्या काळी चेंडूही आजच्या वेगाने येत नव्हते आणि आजचे व्यावसायिक खेळाडू साधारण ३१ ते ३३ औंसांची, म्हणजे किलोपेक्षा कमी वजनाची बॅट घेतात. जड बॅट फिरवून झाल्यावर नेहमीची बॅट पिसासारखी हलकी वाटते, त्यामुळे आपण वेगवान झालो असा भास होतो. प्रत्यक्ष मोजले तर वेग वाढलेला नसतो, अनेकदा कमीच भरतो. वाळूच्या ट्यूबने तर बॅटचा तोलच टोकाकडे जातो आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या मनगटावर व पाठीवर नको तो ताण येतो. ती ट्यूब मी त्याच दिवशी सोडवून घेतली.

मनगटांबाबत सांगायचे तर बॅट आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. बॅटच्या मुठीकडून आलेला जोर एवढ्या वेळात टोकापर्यंत पोहोचूच शकत नाही, त्यामुळे त्या क्षणी मूठ आवळली काय आणि सैल असली काय, चेंडूला फरक पडत नाही. आवळलेल्या मुठीने हात मात्र कडक होतात आणि वेग मरतो. म्हणून बॅट तळव्यात न रुतवता बोटांच्या मुळांशी धरावी. चेंडू लागताना वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि खालच्या हाताचा जमिनीकडे असावा. मनगटे वळतात ती चेंडू निघून गेल्यावर. लेगला फ्लिक मारण्याची सवय असलेली आपली मुले मनगटे आधीच वळवतात आणि चेंडू पायाशी आपटतात, एवढी एक क्रिकेटमधून आलेली खोड मात्र खरोखर मोडावी लागते. हातांना झिणझिण्या आल्या तर समजावे की चेंडू बॅटच्या टोकापासून सहा-सात इंचांवरच्या योग्य जागेऐवजी भलतीकडेच लागला. उत्तम टोल्यात हातांना जवळजवळ काहीच जाणवत नाही.

व्यायामच करायचा असेल तर मुलांनी जोर कमी आणि बैठका जास्त काढाव्यात. आणि सरावासाठी महागड्या साधनांची गरज नाही. मेजर लीगला अमेरिकेबाहेरून सर्वाधिक खेळाडू पुरवणाऱ्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गल्लीबोळांतली मुले झाडूचा दांडा आणि पाण्याच्या मोठ्या जारचे झाकण घेऊन एक खेळ खेळतात. त्या खेळाचे नाव आहे 'विटिया', लिहिताना 'विटिला'. आपल्या विटीशी त्याचे नाते अर्थातच नाही, निव्वळ योगायोग. पण मुलांना हे नाव सांगितले की ती खूश होतात. झाकण हवेत गिरक्या घेत, डगमगत येते, आणि बारीक दांड्याने त्याला गाठायचे तर नजर, संयम आणि लहान, स्वच्छ स्विंग यांवाचून गत्यंतर नसते. दांडगाई केली की दांडा हवेत फिरतो. ज्या घराने दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत विटीला कोलले आणि टोलवले, त्या घरातल्या मुलाला हे शिकवायला वेळ लागत नाही. मी स्वतः गेली दोन वर्षे फरशी पुसण्याच्या मॉपचे जुने दांडे आणि जारची निळी झाकणे वापरतो आहे आणि आठवड्याचा निम्मा सराव त्यावरच होतो.

त्या मजकुराबद्दल कोणी माफी मागावी अशी माझी अपेक्षा नाही. मात्र त्याच पानावर, शक्यतो तेवढ्याच ठळक अक्षरांत, वरून खाली हाणण्याचा आणि बॅटला वजन बांधण्याचा सल्ला मागे घेतल्याचे छापावे, एवढी विनंती आहे, कारण कात्रण घेऊन येणारी मुले खुलाशाचे कात्रणही घेऊन येतील. आपल्या क्रीडा प्रतिनिधीला सवड असेल तर रविवारी सकाळी सातपूर्वी मैदानावर यावे. सात वाजता क्रिकेटचे सामने सुरू होतात आणि आम्हाला कोपरा सोडावा लागतो. दांडा आणि झाकणे आम्ही देऊ.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
परळ, मुंबई